शह आला म्हणून घाबरायचं कशाला?

समोरच्याने हल्ला चढवला की नवखा खेळाडू राजाला कोपऱ्यात दडवतो. ग्रँडमास्टर मात्र आधी एक प्रश्न विचारतो: हा हल्ला खरा आहे की नुसता आव आहे? या एका प्रश्नावर मोठमोठे डाव फिरले आहेत. विश्वनाथन आनंदच्या एका अफलातून डावाची, नाशिकच्या विदित गुजराथीच्या धाडसाची आणि नागपूरच्या दिव्या देशमुखच्या चिवटपणाची ही गोष्ट.

सप्टेंबर २०२२. रायपूर शहरात मुख्यमंत्री चषक आंतरराष्ट्रीय ग्रँडमास्टर बुद्धिबळ स्पर्धा भरली होती. ‘मास्टर्स’ आणि ‘चॅलेंजर्स’ असे दोन गट. एका गटात नावाजलेले खेळाडू, दुसऱ्यात नाव कमावू पाहणारे. ज्यांचे डाव आजवर फक्त वर्तमानपत्रात वाचले, ते ग्रँडमास्टर आपल्याच गावात येऊन खेळणार म्हटल्यावर बुद्धिबळाचं वेड असलेल्या घरांत किती उत्साह असेल, हे सांगायला नको.

अशा खुल्या स्पर्धांमधलं एक दृश्य कुठल्याही गावात सारखंच असतं. आत सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आणि दाराबाहेर पालकांची गर्दी. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. दार उघडतं, एखादं पोर बाहेर येतं. निकाल विचारावाच लागत नाही, चेहराच सांगतो. मग हळूच खुलासा होतो, ‘‘आई, माझा हल्ला एकदम मस्त झाला होता गं, पण...’’

या ‘पण’ शब्दातच अर्धं बुद्धिबळ दडलेलं आहे!

रायपूरच्या मराठी घरांना हा खेळ परका नाही आणि नागपूर तर मुळीच परकं नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसं छत्तीसगढमध्ये आली, रुजली. रायपूरच्या तात्यापारासारख्या जुन्या वस्तीत आणि चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात आजही अस्सल मराठी कानावर पडतं. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगढ, गोंदिया करत गाडी थेट नागपूरला पोहोचते. सगळा मिळून सुमारे तीनशे किलोमीटरचा पल्ला. त्याच नागपुरातून रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि दिव्या देशमुख असे तीन ग्रँडमास्टर निघाले. तेव्हा ‘आपल्या शेजारच्या गावातली मुलं हे करतात, मग आपली का नाही?’ असं रायपूरकर पालकांच्या मनात आलं, तर नवल नाही.

पण ग्रँडमास्टर म्हणजे नेमकं काय वेगळं करतो? तो जास्त चाली पुढचं बघतो, हे खरं. त्याची स्मरणशक्ती दांडगी असते, हेही खरं. तरीही त्याचा खरा कस लागतो तो हल्ला आणि बचाव यांच्या सीमेवर. कधी पुढे घुसायचं, कधी थांबायचं आणि मार खाताना कुठे उलटा वार करायचा, हे त्याला कळतं. ते समजून घ्यायला शंभर डाव बघायची गरज नाही. एकच डाव पुरेसा आहे.

फक्त तेवीस चाली!

तारीख १५ जानेवारी २०१३. हॉलंडमधलं समुद्राकाठचं विक आन झी हे छोटं गाव. तिथली टाटा स्टील स्पर्धा म्हणजे बुद्धिबळातली मोठी वारीच. एका बाजूला तेव्हाचा जगज्जेता विश्वनाथन आनंद, काळी मोहरी घेऊन. समोर पांढरी मोहरी घेऊन आर्मेनियाचा लेव्हॉन अ‍ॅरोनियन. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंत गणला जाणारा आणि हल्ल्यात तरबेज!

पहिल्या अकरा चालींत दोघांनी आपापली मोहरी बाहेर काढली, दोघांनी किल्लेकोट केला. वरवर सगळं शांत. पण पांढऱ्याचा उंट आणि त्याच्या मागे उभा असलेला वजीर, दोघंही एकाच तिरक्या रेषेत काळ्या राजाच्या अंगणाकडे डोळे लावून बसले होते. त्या रेषेच्या टोकाला होतं राजासमोरचं कडेचं प्यादं. त्याचा राखणदार म्हणजे एक घोडा.

बाराव्या चालीला अ‍ॅरोनियनने आपला घोडा पुढे काढला आणि त्याच प्याद्यावर रोखला. उंट, वजीर आणि आता घोडा. एका बिचाऱ्या प्याद्यावर तिघांची नजर!

सर्वसाधारण खेळाडू इथे काय करेल? प्यादं एक घर पुढे सरकवेल, नाहीतर आडवं प्यादं घालून रेषा बंद करेल. म्हणजे जिथे धोका दिसतो तिथेच हात घालेल. आनंदने त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही. त्याने पटाच्या मध्याला, पांढऱ्याच्या प्याद्यांच्या फळीला धक्का दिला. कडेने हल्ला आला तर उत्तर मध्यातून द्यावं, हा बुद्धिबळातला जुना शहाणपणा. ऐकायला सोपा, पण राजाच्या दारात शत्रू उभा असताना आचरणात आणायला महाकठीण.

अ‍ॅरोनियनने तेराव्या चालीला घोड्याने ते कडेचं प्यादं घेतलं. घोडा थेट किल्ल्याच्या आत! आता तो एकाच वेळी काळ्याच्या हत्तीवर आणि राखणदार घोड्यावर चालून आला होता. त्या घोड्याला घोड्यानेच मारावं, तर पांढऱ्याचा उंट शह देत आत येतो आणि एक प्यादं फुकट जातं. हत्ती वाचवावा, तर घोड्यावर घाला येतो.

आनंदने काय केलं? त्याने हत्ती तसाच सोडला आणि राखणदार घोडा उचलून पांढऱ्या राजाच्या तोंडावर नेऊन बसवला!

‘तू माझा हत्ती घे, तोवर मी तुझ्या राजाकडे बघतो,’ असा त्या चालीचा अर्थ. पांढऱ्याने हत्तीचा मोह धरला असता, तर काळ्याचा उंट शह देत त्याच्या किल्ल्यात शिरला असता आणि पाठोपाठ वजीर धावून आला असता. अ‍ॅरोनियनच्या हे लगेच लक्षात आलं. त्याने प्यादं पुढे टाकून ती तिरकी रेषा बंद केली. म्हणजे बघा, एका चालीपूर्वी हल्ला करणारा आता बचाव करू लागला होता.

घ्या, हा उंट घ्या!

पंधराव्या चालीला आनंदने जे केलं, त्याने जगभरचे बुद्धिबळप्रेमी खुर्चीतून उठले असतील. पहिली तिरकी रेषा बंद झाली ना? मग त्याने तोच उंट बाजूच्या घरात नेऊन दुसऱ्या तिरक्या रेषेवर ठेवला. तोही पांढऱ्याच्या प्याद्याच्या थेट जबड्यात! हत्ती आधीच मरणाच्या दारात आणि आता वर उंटही. पण हा उंट घेणं सोपं नव्हतं. मध्यातलं प्यादं तिथून हललं, की आनंदच्या दुसऱ्या घोड्याला आणि वजिराला पांढऱ्या राजापर्यंत पोहोचायला वाट मोकळी मिळत होती.

अ‍ॅरोनियनने उंट घेतला नाही. आपला उंट मागे घेऊन त्याने किल्ल्यासमोरच्या घोड्यावर नेम धरला. यावर आनंदने तो घोडा वाचवला का? छे! त्याने दुसरा घोडाही प्याद्याच्या तोंडी दिला!

इथे पट मांडून बघण्यासारखा एक चमत्कार लपलेला आहे. पांढऱ्याने त्या घोड्याला प्याद्याने मारलं, तर काळ्याचा वजीर मध्यातलं प्यादं घेऊन शह देतो. राजा कोपऱ्यात जातो. मग काळा वजीर चक्क राजाच्या शेजारच्या घरात जाऊन बसतो आणि पुन्हा शह देतो. वजिराच्या पाठीशी उंटाचा जोर, त्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही. पांढऱ्याला हत्तीने वजीर मारावाच लागतो. झालं! आता राजाभोवती त्याचीच प्यादी, त्याचाच हत्ती. हलायला जागा नाही. काळ्याचा घोडा उडी मारतो आणि मात! सगळ्या फौजेच्या गराड्यात राजा स्वतःच्याच माणसांमुळे गुदमरून मरतो.

अ‍ॅरोनियन अर्थातच या सापळ्यात सापडला नाही. त्याने दुसरा घोडा मारला आणि पुढे हत्तीही घेतला. एकोणिसाव्या चालीला हिशोब मांडला, तर आनंदकडे एक अख्खा हत्ती कमी होता. आता तरी तो हत्ती खाणाऱ्या घोड्याला राजाने मारेल, असं वाटत होतं. आनंदने तेही केलं नाही. त्याने एक साधं प्यादं दोन घरं पुढे टाकून आपल्या उरलेल्या घोड्याला आधार दिला. ना शह, ना मारामारी. हत्ती कमी असताना इतकी शांत चाल खेळायला काळीज लागतं!

कारण आनंदला दिसत होतं, की अ‍ॅरोनियनकडे मोहरी जास्त असली तरी राजाच्या मदतीला येऊ शकेल असं कुणीच नाही. पुढच्या चार चालींत काळा वजीर किल्ल्यासमोर येऊन उभा ठाकला. शेवटी फक्त पांढरा वजीर आडव्या ओळीतून आपल्या राजाची राखण करत होता. तेविसाव्या चालीला आनंदने उंट त्याच ओळीत मध्ये घातला. दार बंद! आता मात टळत नव्हती. अ‍ॅरोनियनने हार मान्य केली.

चूक कुठे झाली?

खरी गंमत पुढे आहे. डाव संपला तेव्हाचा पट नीट बघितला तर एक गोष्ट डोळ्यात भरते. पांढऱ्याचा एक हत्ती आणि एक उंट, दोघंही सुरुवातीला ज्या घरात होते त्याच घरात बसलेले. संपूर्ण डावात एकदाही हलले नाहीत! म्हणजे अ‍ॅरोनियनचा घोडा शत्रूच्या किल्ल्यात घुसला तेव्हा त्याची निम्मी फौज घरीच झोपलेली होती. उलट आनंदचा एक हत्ती, दोन्ही उंट आणि दोन्ही घोडे आधीच मोक्याच्या जागी पोहोचले होते. त्याचा दुसरा हत्ती मेला खरा, पण लढायला पुरेशी माणसं रणांगणावर होती.

विल्हेल्म स्टाइनिट्झ हा १८८६ साली बुद्धिबळाचा पहिला अधिकृत जगज्जेता झाला. त्याच्या आधीच्या जमान्यात बेधडक हल्ला करणं म्हणजेच उत्तम खेळ, अशी समजूत होती. समोरच्याने मोहरा देऊ केला तर तो घेणं ही जणू मर्दुमकी आणि नुसता बचाव करणं म्हणजे भित्रेपणा! स्टाइनिट्झने ही समजूत मोडीत काढली. आपली बाजू आधी वरचढ हवी, तरच हल्ल्याला अर्थ आहे, हे त्याने शिकवलं. तयारीविना केलेला हल्ला नेटक्या बचावापुढे टिकत नाही. सव्वाशे वर्षांनंतरही अ‍ॅरोनियनसारख्या बलाढ्य खेळाडूला तोच नियम भोवला.

आणि आनंदच्या या चाली त्याला त्या क्षणी आभाळातून सुचल्या होत्या का? नाही! २०१२ साली मॉस्कोत बोरिस गेल्फंडविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत झाली, त्या वेळी आनंदच्या चमूने केलेल्या अभ्यासातून यातला बराच विचार आला होता. तिथे वापरायची वेळ आली नाही, तो इथे कामी आला. शिवाय जाणकारांना या डावात १९०७ साली लोड्झ शहरात अकिबा रुबिनस्टाइनने रोटलेवीविरुद्ध जिंकलेल्या अजरामर डावाची छाया दिसली. आज पटावर जे धाडस दिसतं, त्यामागे कितीतरी दिवसांचा गृहपाठ असतो.

नाशिकच्या पोराचा वार

गृहपाठ केलेला हल्ला कसा असतो, हे नाशिकच्या विदित गुजराथीने दाखवून दिलं. २०२३ साली आइल ऑफ मॅनमधली ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून तो कँडिडेट्स स्पर्धेला पात्र ठरला. जगज्जेत्याला आव्हान कोण देणार, हे ठरवणारी ही स्पर्धा एप्रिल २०२४ मध्ये कॅनडातल्या टोरांटो इथे झाली.

दुसऱ्याच फेरीत विदितची गाठ पडली अमेरिकेच्या हिकारू नाकामुराशी. नाकामुरा तेव्हा सलग ४७ डाव अपराजित! विदितकडे काळी मोहरी. अकराव्या चालीलाच विदितने आपला उंट नाकामुराच्या किल्ल्याच्या प्याद्यावर झोकून दिला. एका प्याद्यासाठी अख्खा उंट! समोरचा दचकला, विचारात पडला, त्याचं घड्याळ पळू लागलं आणि अखेर ती ४७ डावांची मालिका संपली. पुढे याच स्पर्धेत विदितने नाकामुराला पुन्हा एकदा हरवलं.

एकोणीस वर्षांची मुलगी आणि बचावाची राणी

हल्ल्याच्या गोष्टी ऐकायला रंगतदार असतात. बचावाच्या गोष्टी मात्र कुणी फारशा सांगत नाही. म्हणून दिव्या देशमुखची गोष्ट आवर्जून सांगायला हवी.

जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी शहर, महिलांचा विश्वचषक. नागपूरच्या डॉक्टर दांपत्याची ही मुलगी तेव्हा १९ वर्षांची होती. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या खात्यावर नव्हता. उपांत्य फेरीत समोर आली चीनची माजी जगज्जेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसरा डाव तब्बल १०१ चालींचा झाला! हातातली संधी निसटतेय, पुन्हा येतेय, वेळ संपत आलाय, अशा अवस्थेत दिव्याने तो डाव ओढून काढला.

अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता! पहिल्या डावात दिव्याची बाजू वरचढ झाली होती. पण हंपीने हाय खाल्ली नाही. एकेक चाल तोलून तिने डाव सावरला आणि अर्धा गुण वाचवला. हल्ल्यातली हवा कशी काढावी याचा तो नमुनाच होता. दुसरा डावही बरोबरीत.

२८ जुलैला जलद डावांवर फैसला ठरला. आता सगळ्यांचं पारडं हंपीकडे झुकलं, कारण जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद तिने २०१९ आणि २०२४ असं दोनदा पटकावलं होतं. पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. या डावात झगमगीत बलिदान नव्हतं, सापळा नव्हता. डाव शेवटाकडे लांबत गेला, पटावर मोजकीच मोहरी उरली, हंपीचं घड्याळ संपत आलं आणि घाईत तिच्या हातून चुका झाल्या. दिव्या मात्र जागची हलली नाही. मिळालेला फायदा तिने हातातून सुटू दिला नाही.

डाव संपला तेव्हा दिव्याला रडू आवरेना. ती धावत गेली ती आईच्या मिठीत. विश्वचषक तर मिळालाच, शिवाय या विजेतेपदामुळे ती थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. त्या दिवशी हरलेल्या हंपीच्या आदल्या बचावाचंही मोल कमी होत नाही. तो बचाव नसता, तर जलद डावांची वेळच आली नसती.

दाराबाहेरचे आई-बाबा

पुन्हा त्या सभागृहाच्या दाराशी येऊ. रायपूर असो, नागपूर असो की नाशिक. पोर हिरमुसलं होऊन बाहेर येतं आणि म्हणतं, ‘‘हल्ला मस्त झाला होता, पण...’’ अशा वेळी ‘जिंकलास का?’ एवढंच विचारून थांबू नये. पोट भरलं, मन शांत झालं, की पट मांडावा आणि विचारावं, ‘‘तू घोडा आत घातलास तेव्हा तुझी बाकीची मोहरी कुठे होती रे?’’

पालकांना बुद्धिबळ येत नसलं तरी हा प्रश्न विचारता येतो. पोर पटाकडे बघेल. कोपऱ्यात बसलेला हत्ती, न हललेला उंट त्याला दिसेल. त्याच्या ‘पण’चं उत्तर तिथेच सापडेल. अ‍ॅरोनियनलाही ते तसंच सापडलं होतं!

चौकट १: हल्ला आला तर...

• आधी बघा, हल्ल्यात समोरच्याची किती मोहरी आहेत? एकट्यादुकट्या मोहऱ्याला भिऊ नका.

• धोका खरा असेल, तर हल्ल्यातला मुख्य मोहरा अदलाबदलीने पटावरून कमी करता येतो का, ते तपासा.

• कडेने हल्ला असेल, तर मध्यावर उत्तर देता येईल का, याचा विचार करा.

• समोरच्याने फुकट मोहरा दिला, तर हात पुढे करण्याआधी दोनदा विचार करा. त्याने तो का दिला असेल?

• घड्याळाकडे लक्ष ठेवा. चांगले चांगले बचाव शेवटच्या मिनिटातल्या घाईने ढासळतात.

चौकट २: पट मांडा आणि खेळून बघा

अ‍ॅरोनियन (पांढरी) विरुद्ध आनंद (काळी), विक आन झी, २०१३

(घो म्हणजे घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, रा राजा. नुसतं घराचं नाव असेल तर ती प्याद्याची चाल. × म्हणजे मारणे.)

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घो(बी)-डी७ ६. उं-डी३ डी×सी४ ७. उं×सी४ बी५ ८. उं-डी३ उं-डी६ ९. किल्लेकोट, किल्लेकोट १०. व-सी२ उं-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उं-सी५ १६. उं-ई२ घो(डी)-ई५ १७. उं×जी४ उं×डी४ शह १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उं-ई३. पांढऱ्याची शरणागती.